सदोष बूट-फर्मवेअर आणि लिनक्स : जुन्या लॅपटॉपवरील उपाययोजनांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने दोन अंगांनी झालेले दिसते. एक इतिहास यंत्राचा आहे; त्यात प्रोसेसरचा वेग, मेमरीची क्षमता आणि डिस्कचा आकार यांची वाढ नोंदविली जाते. दुसरा इतिहास सॉफ्टवेअरचा आहे. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम, संगणकीय भाषा आणि त्यांचे निर्माते यांना स्थान मिळते. या दोहोंच्या सांध्यावर असलेले फर्मवेअर मात्र इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा निसटले आहे. मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेला हा छोटा प्रोग्राम यंत्र सुरू होताच जागा होतो, यंत्राचे भाग तपासतो, डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो आणि मग पडद्याआड जातो. तो नीट चालतो तेव्हा त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. तो सदोष असतो तेव्हा मात्र उत्तम स्थितीतील यंत्रही निरुपयोगी ठरू शकते.

विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढील आवृत्तीच्या अटी पूर्ण न करणाऱ्या असंख्य चालू लॅपटॉपपुढे लिनक्स हा एक व्यवहार्य मार्ग उरला. अशा यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये निर्मात्याकडून दुरुस्ती होण्याची आशा सहसा नसते. म्हणून फर्मवेअरमधील दोषांना वळसा घालून यंत्र चालते ठेवण्याची लिनक्सची परंपरा अभ्यासणे अगत्याचे ठरते. या परंपरेचा आढावा घेऊन प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, वैयक्तिक संगणकाच्या क्षेत्रात लिखित मानक आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत सुरुवातीपासून अंतर राहिले. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर फर्मवेअर तपासले जाई, तिचे वर्तन हेच खरे मानक बनले, आणि या अंतराची किंमत निर्मात्यांऐवजी यंत्राच्या वापरकर्त्यांनी व कर्नलच्या विकासकांनी चुकविली.

बायोसचा वारसा आणि लिनक्सचा पहिला पवित्रा

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या बायोस या फर्मवेअरची प्रोग्राम-संहिता कंपनीने तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. परंतु तिच्यावरील स्वामित्वहक्क राखून ठेवला होता. त्यामुळे कॉम्पॅक या कंपनीला मूळ संहिता न वापरता तसेच वागणारे बायोस स्वतंत्रपणे लिहावे लागले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने आपले सुसंगत बायोस इतर उत्पादकांना परवान्यावर देण्यास प्रारंभ केला. सुसंगततेची कसोटी या काळातच ठरली. आयबीएमच्या यंत्रावर चालणारे प्रोग्राम नव्या यंत्रावर चालले की बायोस बरोबर, असे मानले जाऊ लागले. सर्वमान्य संहितेशी ताडून पाहण्याची पद्धत येथे नव्हती. व्यवहार हाच पुरावा होता.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला तेव्हा ही व्यवस्था दहा वर्षांची झाली होती. लिनक्सने बायोसशी संबंध शक्य तितका तोकडा ठेवला. कर्नल मेमरीत येईपर्यंत बायोसची मदत घ्यायची आणि त्यानंतर डिस्क, कीबोर्ड, पडदा हे सर्व स्वतःच्या ड्रायव्हरद्वारे हाताळायचे, असे हे धोरण होते. तरीही पहिला टप्पा चुकविता येत नव्हता. डिस्कवरील जागा दर्शविण्यासाठी जुन्या बायोसमध्ये सिलिंडरकरिता १० बिट, हेडकरिता ८ बिट आणि सेक्टरकरिता ६ बिट राखलेले होते. परिणामी १०२४ सिलिंडरांच्या पलीकडचा भाग बायोसला दिसतच नसे. आयडीई डिस्कच्या १६ हेडच्या मर्यादेसह हिशेब केल्यास ही सीमा ५०४ मेगाबाइट इतकी येई. पत्त्यांचे रूपांतर करणाऱ्या नंतरच्या बायोसमध्ये ती सुमारे ८.४ अब्ज बाइटपर्यंत गेली.

वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला लिलो हा बूट-लोडर कर्नल वाचण्यासाठी बायोसवरच विसंबून असे. कर्नलची फाइल या सीमेपलीकडे गेली की यंत्र सुरू होत नसे. यावर वापरकर्त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. डिस्कच्या आरंभी काही मेगाबाइटांचे वेगळे विभाजन करून कर्नल तेथे ठेवायचा आणि उरलेली डिस्क निर्धास्तपणे वापरायची. बायोसमध्ये काहीही न बदलता, त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आवश्यक ती वस्तू आणून ठेवण्याचा हा उपाय होता. पुढील तीन दशकांतील बहुतेक उपायांचे बीज या युक्तीत आढळते.

वीज-व्यवस्थापन आणि एसीपीआय : मानक व व्यवहार यांतील दरी

डिस्कच्या बाबतीत बायोसला टाळणे जमले. लॅपटॉपच्या बाबतीत ते जमणारे नव्हते. बॅटरीत किती वीज उरली, पंखा केव्हा फिरवावा, झाकण मिटल्यावर काय करावे, या गोष्टी प्रत्येक लॅपटॉपच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून होत्या आणि त्या रचनेची माहिती फक्त निर्मात्याकडे होती. १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एपीएम पद्धतीत ही कामे बायोसच करीत असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय मानकाने ही रचना उलटी केली. निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यावेत आणि यंत्राची माहिती फर्मवेअरने कोष्टकांच्या रूपाने पुरवावी, असे ठरले.

या कोष्टकांत डीएसडीटी हे सर्वांत महत्त्वाचे होय. त्यात केवळ माहिती नसते. एका विशिष्ट भाषेत लिहिलेल्या व सांकेतिक रूपात साठविलेल्या कार्यपद्धतीही असतात. ऑपरेटिंग सिस्टिममधील दुभाषा त्यांचा अर्थ लावून त्या अमलात आणतो. म्हणजेच लॅपटॉपच्या निर्मात्याने लिहिलेला प्रोग्राम कर्नलच्या पोटात चालविला जातो. तो चुकीचा लिहिलेला असेल तर चुकीचे परिणाम कर्नलला भोगावे लागतात.

ही संहिता तयार करण्यासाठी मुख्यतः दोन कंपायलर प्रचारात होते. एक मायक्रोसॉफ्टचा आणि दुसरा इंटेलचा. पहिला अनेक चुकांकडे काणाडोळा करी, तर दुसरा त्याच चुकांवर बोट ठेवी. विंडोजवर निर्धोक चालणारी डीएसडीटी लिनक्सवर अडखळण्याचे हे एक प्रमुख कारण होते. मूल्य परत करणे अपेक्षित असलेल्या पद्धतीने ते परत न करणे, घोषित न केलेल्या घटकाचा उल्लेख करणे अशा चुकांमुळे बॅटरीची स्थिती न दिसणे किंवा निद्रावस्थेतून यंत्र न उठणे, असे प्रकार घडत. डिसेंबर २००३ मध्ये कर्नलची २.६ आवृत्ती आली. त्या सुमारास लॅपटॉपवरील वापर वाढू लागला आणि या तक्रारीही वाढल्या.

त्या काळी जाणत्या वापरकर्त्यांनी अवलंबिलेली पद्धत उल्लेखनीय आहे. ते आपल्या यंत्रातील डीएसडीटी बाहेर काढीत, ती वाचनीय रूपात उलगडीत, इंटेलच्या कंपायलरने दाखविलेल्या चुका दुरुस्त करीत आणि सुधारलेली प्रत कर्नलबरोबर मेमरीत चढवीत. फर्मवेअरची चिप अस्पर्शित राही; तिच्यातील मजकुराऐवजी दुरुस्त पाठ वाचला जाई. हस्तलिखितातील अपपाठ शोधून शुद्ध पाठ सिद्ध करणाऱ्या संपादकाच्या कामाशी याचे साम्य आहे. अशा दुरुस्त डीएसडीटींचा संग्रहही इच्छुकांसाठी खुला करण्यात आला होता. तथापि या उपायाला एक अंगभूत मर्यादा होती. दुरुस्ती ज्याने केली त्याच्यापुरती आणि त्याच नमुन्याच्या यंत्रापुरती ती उपयोगी पडे. ज्याला हे तंत्र अवगत नाही, अशा सामान्य वापरकर्त्याला तिचा लाभ होत नसे. म्हणून कर्नलच्या विकासकांनी हळूहळू निराळी भूमिका घेतली. विंडोज ज्या चुका सहन करते त्या लिनक्सच्या दुभाष्यानेही सहन केल्या पाहिजेत, असे त्यांनी ठरविले.

ओळख सांगण्याचा प्रश्न

मानकात फर्मवेअरला ऑपरेटिंग सिस्टिमची क्षमता विचारता यावी, यासाठी ओएसआय नावाची सोय आहे. प्रत्यक्षात फर्मवेअर तिच्याद्वारे विंडोजच्या आवृत्तीची चौकशी करू लागले. ‘विंडोज २००१’ म्हणजे एक्सपी, ‘विंडोज २००६’ म्हणजे व्हिस्टा, ‘विंडोज २००९’ म्हणजे विंडोज ७ आणि ‘विंडोज २०१२’ म्हणजे विंडोज ८, असे हे संकेत होत. उत्तर नकारार्थी आले तर फर्मवेअर न तपासलेल्या मार्गाने जाण्याचा धोका असे. त्यामुळे लिनक्सने या सर्व प्रश्नांना होकार देण्यास सुरुवात केली. येथे लिनक्स खोटे बोलत होता असे म्हणण्यापेक्षा, तपासलेल्या वाटेनेच जाण्याची खबरदारी घेत होता, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

याहून बोधप्रद गोष्ट ‘लिनक्स’ या उत्तराची आहे. फर्मवेअरने ‘तू लिनक्स आहेस काय?’ असे विचारल्यास कर्नल पूर्वी होकार देई. ऑक्टोबर २००७ मधील २.६.२३ आवृत्तीपासून या प्रश्नाला नकार देण्याचे ठरले. त्यामागील तर्क असा होता : फर्मवेअर एकदा लिहिले की वर्षानुवर्षे तसेच राहते, कर्नल मात्र दर काही महिन्यांनी बदलतो. एखाद्या वर्षी कर्नलमध्ये असलेली उणीव गृहीत धरून फर्मवेअरने वेगळी वाट धरली, तर ती उणीव दूर झाल्यावरही वाट तशीच राहते आणि कालांतराने तोच दोष बनतो. स्वतःचे खरे नाव सांगणे लिनक्सला अशा रीतीने हितकारक ठरले नाही.

विंडोजशी पूर्ण अनुकरणाचे धोरणही निर्दोष नव्हते. ‘विंडोज २०१२’ या प्रश्नाला होकार मिळताच अनेक लॅपटॉपचे फर्मवेअर पडद्याच्या प्रकाशाची जबाबदारी ग्राफिक्स ड्रायव्हरवर सोपवून मोकळे होई. कारण विंडोज ८ तसे करीत असे. त्यामुळे २०१३ च्या सुमारास अनेक यंत्रांवर प्रकाश कमीजास्त करण्याच्या कळा निकामी झाल्या. कर्नलला सुरू होतानाच त्या एका प्रश्नाला नकार देण्याची सूचना करणे, हा त्यावरील तात्पुरता इलाज होता. पुढे कर्नलमधील प्रकाशनियंत्रणाची मांडणीच बदलण्यात आली.

हेतू की तपासणीचे अर्थकारण?

फर्मवेअरमधील हे दोष हेतुपुरस्सर ठेवले गेले काय, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. अमेरिकेतील आयोवा राज्यातील मायक्रोसॉफ्टविरोधी खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या कागदपत्रांत बिल गेट्स यांचा जानेवारी १९९९ चा एक ई-मेल आहे. एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते मर्यादित ठेवता येतील काय, असा विचार त्यात व्यक्त झाला आहे. हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु एखादा विचार मनात येणे आणि तो अमलात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जगभरच्या असंख्य निर्मात्यांच्या फर्मवेअरमधील चुका त्या एका विचारातून उद्भवल्या, असे या ई-मेलवरून सिद्ध होत नाही.

उलटपक्षी, २००८ मधील एक प्रकरण वेगळा निष्कर्ष सुचविते. फॉक्सकॉन कंपनीच्या एका मदरबोर्डच्या डीएसडीटीत लिनक्ससाठी मुद्दाम बिघाड पेरला आहे, असा जाहीर आरोप एका वापरकर्त्याने केला. कर्नल-विकासक मॅथ्यू गॅरेट यांनी त्या संहितेची छाननी केली तेव्हा लिनक्ससाठी असलेली वेगळी शाखा प्रत्यक्षात वापरलीच जात नव्हती, असे निदर्शनास आले. कंपनीने पुढे सुधारित बायोसही दिले.

या दोन्ही घटनांचा एकत्रित विचार करता तपासणीचे अर्थकारण हेच अधिक समाधानकारक स्पष्टीकरण ठरते. लॅपटॉप विंडोजसह विकला जातो. म्हणून त्याचे फर्मवेअर विंडोजवर तपासले जाते. विंडोज व्यवस्थित सुरू झाले की तपासणी संपते. मानकातील जो भाग विंडोज वापरीत नाही, तो बरोबर आहे की चूक, हे कोणी पाहत नाही. यात दुष्ट हेतूचा भाग नसला तरी परिणाम तितकाच कठोर होतो.

खोडींची नोंदवही

सदोष यंत्र ओळखायचे कसे, या प्रश्नाचे उत्तरही फर्मवेअरमध्येच सापडले. निर्मात्याचे नाव, यंत्राचा नमुना, बायोसची आवृत्ती व दिनांक ही माहिती डीएमआय या कोष्टकात असते. कर्नल प्रारंभीच ती वाचतो आणि आपल्या यादीशी ताडून पाहतो. यादीतील नोंद जुळली तर त्या यंत्रासाठी ठरविलेला अपवाद लागू होतो. कर्नलच्या परिभाषेत या अपवादांना ‘क्वर्क’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘खोड’ हा शब्द चपखल बसतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण या यंत्रांना तंतोतंत लागू पडते; कारण यंत्र भंगारात जाईपर्यंत त्याच्या फर्मवेअरची खोड कायम राहते आणि कर्नलला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते.

उदाहरणादाखल यंत्र पुन्हा सुरू करण्याची साधी क्रिया पाहता येईल. कीबोर्ड-नियंत्रकाला संकेत देणे, एसीपीआयचा मार्ग वापरणे, पीसीआय चिपसेटला आज्ञा देणे, फर्मवेअरलाच विनंती करणे असे तिचे अनेक मार्ग आहेत. कोणत्या यंत्रावर कोणता मार्ग चालतो, याची यादी कर्नलमध्ये आहे. त्यात डेल, ॲपल, सोनी, आसूस अशा निर्मात्यांची यंत्रे आढळतात; डेलच्या लॅटिट्यूड ई६३२० या लॅपटॉपसाठी पीसीआय मार्गाची नोंद आहे. निर्मात्याने ज्या नमुन्याकडे कधीच पाठ फिरविली, त्याचीही नोंद या यादीत शाबूत राहते. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने कर्नलचा हा भाग म्हणजे एक दप्तरखानाच आहे. प्रत्येक नोंदीमागे कोणाच्या तरी यंत्राचा बिघाड, त्याची चिकित्सा आणि त्यावरील सामूहिक संमती उभी आहे. वैयक्तिक डीएसडीटी-दुरुस्तीहून ही व्यवस्था श्रेष्ठ ठरली, कारण एकाचे निदान सर्वांच्या कामी येऊ लागले.

यूईएफआय : नवे मानक, जुनी रीत

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी नव्या फर्मवेअरची आखणी केली. त्यातून ईएफआय व २००५ मध्ये स्थापन झालेल्या मंचाद्वारे यूईएफआय हे मानक पुढे आले. विंडोज ८ च्या प्रमाणन-अटींमुळे २०१२ पासून ते लॅपटॉपवर सर्वत्र रूढ झाले. या पद्धतीत कोणती ऑपरेटिंग सिस्टिम कोठून सुरू करायची, याच्या नोंदी मदरबोर्डवरील कायम मेमरीत ठेवल्या जातात. नोंद न सापडल्यास डिस्कवरील एका ठरावीक पर्यायी मार्गावरील फाइल चालवावी, असेही मानक सांगते.

व्यवहारात मात्र जुनीच रीत चालू राहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये गॅरेट यांनी लेनोवोच्या थिंकसेंटर एम९२पी या संगणकाचा प्रकार उघड केला. हे यंत्र बूट-नोंदीचे वर्णन वाचून, ते विंडोजच्या किंवा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ठरावीक नावाशी जुळले तरच ती नोंद ग्राह्य धरीत होते. मानकानुसार हे वर्णन फक्त मनुष्याच्या वाचनासाठी असते. काही लॅपटॉप लिनक्सची नोंद पुसून टाकीत, तर काही विंडोजच्या फाइलचा मार्ग सोडून अन्य काही जाणतच नसत. यावर प्रचलित झालेले दोन उपाय १०२४ सिलिंडरांच्या युक्तीचेच वंशज होत. पहिला म्हणजे लिनक्सचा बूट-लोडर पर्यायी मार्गावरही ठेवणे. एप्रिल २०१५ मधील डेबियन ८ च्या स्थापना-प्रक्रियेत ही सोय अधिकृतपणे देण्यात आली. दुसरा उपाय म्हणजे विंडोजच्या फाइलच्या नावाने लिनक्सचा लोडर ठेवणे. विंडोजही त्याच यंत्रावर असेल तर तिच्या पुढील अद्ययावतीकरणात ही फाइल बदलली जाण्याचा संभव असतो. त्यामुळे हा उपाय अखेरचा म्हणूनच वापरला जाई.

मेमरीच्या बाबतीतही असाच अनुभव आला. ऑपरेटिंग सिस्टिमने ताबा घेतल्यावर फर्मवेअरच्या बूट-सेवांची मेमरी मोकळी होते, असे मानक सांगते. परंतु अनेक यंत्रांचे फर्मवेअर त्यानंतरही त्या मेमरीला हात लावीत असल्याचे आढळले. म्हणून २०११ पासून लिनक्स ती मेमरी काही काळ राखून ठेवू लागला. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर ३२ बिटांचे फर्मवेअर बसविल्याची उदाहरणेही होती. २००६ च्या सुमाराची ॲपलची काही यंत्रे आणि पुढे इंटेलच्या बे ट्रेल चिपवरील स्वस्त टॅबलेट व लॅपटॉप हे त्यांतील ठळक नमुने होत. जून २०१४ मधील ३.१५ आवृत्तीत ६४ बिटांचा कर्नल अशा फर्मवेअरवरून चालविण्याची तजवीज झाली.

सुरक्षित बूट या सोयीने प्रश्नाला आणखी एक पैलू जोडला. ज्याच्यावर मान्य स्वाक्षरी आहे तोच लोडर चालवायचा, असा तिचा नियम आहे, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये आधीच भरलेल्या कळा मायक्रोसॉफ्टच्या असतात. मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला ‘शिम’ हा छोटा लोडर मध्ये ठेवून लिनक्स-वितरणांनी २०१२-१३ मध्ये यातून वाट काढली. मात्र २०११ सालच्या या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपणारी आहे. पूर्वी स्वाक्षरी झालेले लोडर सामान्यतः चालत राहतात. परंतु केवळ नव्या प्रमाणपत्राची स्वाक्षरी असलेला लोडर जुने फर्मवेअर ओळखत नाही. ज्या लॅपटॉपला नवे प्रमाणपत्र मिळत नाही, त्याच्या मालकापुढे सुरक्षित बूट बंद करणे किंवा स्वतःच्या कळा नोंदविणे हे मार्ग उरतात.

यंत्राचे वार्धक्य

वर वर्णिलेले दोष जन्मजात होत. वयोमानाने येणारे दोष निराळे असतात. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात घड्याळ आणि मांडणीची माहिती राखणारी ६४ बाइटांची चिप होती व तिला सतत वीज पुरविण्यासाठी बॅटरी होती. ही परंपरा नाण्याच्या आकाराच्या सेलच्या रूपाने लॅपटॉपमध्ये टिकून राहिली. सेल संपला की यंत्राचे घड्याळ भूतकाळात जाते आणि जुन्या यंत्रांत मांडणीही मूळपदावर येते. डिस्क-नियंत्रकाची पद्धत किंवा बूटचा प्रकार बदलल्यामुळे, काल चालू असलेली लिनक्स प्रणाली आज सापडत नाही. डिस्क बिघडली, असा वापरकर्त्याचा समज होतो. प्रत्यक्षात डिस्क निर्दोष असते.

चुकीच्या दिनांकाचे परिणाम दूरगामी असतात. फाइल-प्रणालीची शेवटची नोंद भविष्यकाळातील दिसल्याने तपासणी-प्रोग्राम अडतो; संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अद्याप लागू झालेली नाहीत, असे ठरते. लिनक्सने याही बाबतीत फर्मवेअरवरील विश्वास कमी केला. ई२एफएससीके या तपासणी-प्रोग्राममध्ये ‘घड्याळ नादुरुस्त आहे’ असे कळविण्याची सोय आहे. सिस्टिमडी हा प्रणाली-व्यवस्थापक स्वतःच्या निर्मितीच्या दिनांकापूर्वीची वेळ स्वीकारीत नाही. इंटरनेट मिळताच योग्य वेळ मागविली जाते. अर्थात नवा सेल बसविणे हाच येथे खरा व अल्पखर्चाचा इलाज आहे. मूळ दोष दूर करणे शक्य असताना केवळ वळसा घालीत राहणे, हे शहाणपणाचे नव्हे.

उपायांच्या मर्यादा

फर्मवेअरला दोष देताना लिनक्सच्या बाजूचे प्रमादही नोंदविणे न्याय्य ठरेल. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडल्याचे उघड झाले. प्रथम लिनक्सच्या एका ड्रायव्हरवर ठपका आला. पुढे गॅरेट यांनी विंडोजवरूनही तोच बिघाड घडवून दाखविला. फर्मवेअरची कायम मेमरी अधिक भरली की यंत्र उठतच नाही, हे मूळ कारण होते. तेव्हापासून कर्नल त्या मेमरीतील काही जागा मोकळी सोडतो. २०१६ मध्ये सर्व फाइली पुसण्याच्या आज्ञेबरोबर फर्मवेअरच्या नोंदीही पुसल्या जाऊन यंत्र निकामी होण्याचा धोका समोर आला, कर्नलच्या ४.५ आवृत्तीत अशा नोंदींना संरक्षण देण्यात आले. या दोन्ही प्रसंगी फर्मवेअर दुबळे होते, परंतु लिनक्सनेही पुरेशी सावधगिरी बाळगलेली नव्हती.

२०१७ चे प्रकरण मात्र पूर्णतः लिनक्सच्या पदरी पडते. उबुंटू १७.१० मध्ये फर्मवेअरच्या चिपशी बोलणारा इंटेलचा एक ड्रायव्हर चालू ठेवला गेला. लेनोवो व अन्य काही लॅपटॉपवर त्याने चिपचे लेखन-संरक्षण बदलले. परिणामी बायोसमधील मांडणी जतन होईना आणि काहींवर यूएसबीवरून बूट करणेही थांबले. डिसेंबर २०१७ मध्ये ही आवृत्ती वितरणातून काढून घेण्यात आली आणि जानेवारी २०१८ मध्ये सुधारित प्रत देण्यात आली. जो कर्नल तीन दशके फर्मवेअरच्या चुका पोटात घालीत आला, त्यानेच फर्मवेअर बिघडविले. सुधारित कर्नलने ते संरक्षण पूर्ववत केले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

फर्मवेअरच बदलून टाकण्याचा मूलगामी मार्गही चोखाळला गेला. १९९९ मध्ये लॉस ॲलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस प्रकल्प सुरू केला. २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट झाले. थिंकपॅड एक्स६० व एक्स२०० यांसारख्या लॅपटॉपवर त्यातून निघालेले मुक्त फर्मवेअर चालते, आणि क्रोमबुक यंत्रांत कोअरबूटचाच वापर होतो. परंतु २०१३ च्या सुमारास इंटेलने आणलेल्या बूट गार्ड या संरक्षणामुळे पुढील अनेक लॅपटॉपमध्ये निर्मात्याखेरीज कोणालाही फर्मवेअर बदलता येत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या एफडब्ल्यूयूपीडी प्रकल्पामुळे निर्मात्यांची अधिकृत सुधारणा लिनक्सवरून बसविणे सुलभ झाले. पण निर्मात्याने सुधारणा काढलीच नाही, तर या प्रकल्पाचाही निरुपाय होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मानक प्रसिद्ध झाल्याने सुसंगती येत नाही. त्याची तपासणी कोणत्या प्रणालीवर होते, यावर ती ठरते. आयबीएमची यंत्रे, नंतर विंडोज, हीच कसोटी राहिली आणि एसीपीआय व यूईएफआय यांसारखी तपशीलवार मानकेही या व्यवहारापुढे दुय्यम ठरली. दुसरी, लिनक्सच्या उपायांत एक सुसंगत क्रम आढळतो. फर्मवेअरला टाळणे, त्याचा पाठ दुरुस्त करणे, विंडोजप्रमाणे वागणे, प्रत्येक यंत्राच्या खोडीची नोंद ठेवणे आणि सरतेशेवटी फर्मवेअरच बदलणे, असा हा क्रम आहे. त्यांपैकी नोंदवहीचा मार्ग सर्वांत टिकाऊ ठरला, कारण त्यात वैयक्तिक अनुभवाचे सार्वजनिक ज्ञानात रूपांतर झाले.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. लॅपटॉपचा धातू, काच आणि सिलिकॉन दहा-पंधरा वर्षे सहज टिकतात. निर्मात्याची आस्था मात्र पुष्कळदा त्याआधीच ओसरते. मधल्या वर्षांत ते यंत्र चालावे की नाही, याचा निर्णय मालकाला पाहता न येणाऱ्या व बदलता न येणाऱ्या एका लहानशा प्रोग्रामवर अवलंबून राहतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपासून विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत जेथे जुने यंत्र हेच हाताशी असलेले यंत्र आहे, तेथे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. लिनक्सच्या विकासकांनी व वापरकर्त्यांनी हे ओझे स्वेच्छेने उचलले, ही त्यांची थोरवी होय. तथापि यंत्र विकणाऱ्याची जबाबदारी विक्रीनंतर किती काळ राहावी आणि त्याने पाठ फिरविल्यावर फर्मवेअर दुरुस्त करण्याचा अधिकार मालकाकडे यावा की नाही, हे प्रश्न कर्नलमधील कोणत्याही यादीने सुटणारे नाहीत. त्यांची उत्तरे कायद्याने आणि खरेदीदाराच्या जागरूकतेनेच द्यावी लागतील.